रुग्ण काय म्हणाला, हेही परीक्षेत विचारा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस



एमबीबीएसच्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक ‘केस’ दिली जाते. ठरलेल्या वेळात तो रुग्णाशी बोलतो, हिस्टरी घेतो, तपासणी करतो आणि मग परीक्षकांसमोर सगळे इंग्रजीत मांडतो. परीक्षक ती मांडणी बारकाईने ऐकतात, उलटसुलट प्रश्न विचारतात, गुण देतात. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यात प्रत्यक्ष जे बोलणे झाले, ते मात्र सहसा कोणत्याही परीक्षकाने ऐकलेले नसते. रुग्णाने नेमका कोणता शब्द वापरला, विद्यार्थ्याला तो कळला का, न कळल्यावर त्याने पुन्हा विचारले की शेजारच्या सिस्टरला विचारून वेळ निभावून नेली, यातले काहीही गुणपत्रिकेत उमटत नाही. परीक्षा होते ती भाषांतराची. मूळ बोलणे तपासायचे राहून जाते. या पत्रातून माझी मुख्य विनंती एकच आहे. ते बोलणे परीक्षकांनी ऐकावे, रुग्णाच्या भाषेत ऐकावे, आणि त्या कौशल्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही पदवी देऊ नये.

ही विनंती भाषेच्या प्रेमापोटी केलेली नाही, निदानाच्या काळजीपोटी केली आहे. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान डॉक्टरांनी रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी ऐकूनच बरोबर केले होते. शारीरिक तपासणीमुळे मत बदलले ते सात रुग्णांच्या बाबतीत, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे आणखी सात. त्यानंतरच्या काळात यंत्रे कितीतरी पुढे गेली, पण कोणत्या यंत्राकडे रुग्णाला पाठवायचे हे आजही त्याचे बोलणे ऐकूनच ठरते. आणि जिथे सोनोग्राफीसाठी तालुक्याला आणि सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याला जावे लागते, तिथे तर रुग्णाचे शब्द हाच डॉक्टरच्या हातातला सर्वांत जवळचा पुरावा असतो. स्टेथोस्कोप कसा धरायचा हे आपण शिकवतो आणि तपासतोही. ज्या साधनावर निदानाचा एवढा मोठा भार आहे, ते साधन विद्यार्थ्याच्या हाती आपोआप येईल असे गृहीत धरून आपण चालतो.

ते आपोआप येत नाही, हे समजण्यासाठी मराठीतला ‘अंग’ हा एकच शब्द पुरेसा आहे. बाई म्हणते ‘अंगावरून जातंय’, तेव्हा ती रक्तस्रावाबद्दल बोलत असते. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणते तेव्हा श्वेतप्रदराबद्दल. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकले आहे. ‘अंगावर पाजते’ म्हणजे बाळ आईच्या दुधावर आहे, आणि औषध लिहिताना हे माहीत असणे अत्यावश्यक आहे. ‘अंगावर उठलंय’ म्हणजे पुरळ, ‘अंग मोडून येतंय’ म्हणजे तापाची चाहूल, ‘अंगात येतं’ म्हणजे एक वेगळेच जग, आणि ‘दुखणं अंगावर काढलं’ म्हणजे आजार कितीतरी दिवसांचा आहे. वेदनेचेही तसेच. कळ, ठणका, शिणक, चमक, उसण, मुरडा, पेटका, भगभग हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘मुरडा’ डॉक्टरला आतड्यांकडे नेतो, तर ‘उसण’ पाठीच्या किंवा कमरेच्या स्नायूंकडे. ‘लघवीला उन्हाळी लागली’ या वाक्यात ऋतूचा काही संबंध नाही. ‘पोटरी दुखते’ ही तक्रार पोटाची नाही, पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी आहे का याचा विचार करायला लावणारी आहे. हिंदीतली ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि मराठीतली जांघ म्हणजे मांडी व पोट यांमधला सांधा. तिथल्या गाठीचा अर्थ हर्निया किंवा सुजलेली लसिकाग्रंथी असा वेगळाच असू शकतो. दोन भाषा जितक्या जवळच्या, तितकी अशी गफलत लक्षात न येण्याची शक्यता जास्त, कारण ऐकणाऱ्याला आपल्याला कळले असेच वाटत राहते.

आता मराठी मुलखाच्या आतच थोडे पुढे जाऊ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे १ कोटी ५ लाख आहेत. नंदुरबार जिल्ह्यात त्यांचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, गडचिरोलीत सुमारे ३९ टक्के. भिली, पावरी, वारली, कातकरी या बोली आर्य भाषाकुळातल्या आहेत. गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी आहेत. मेळघाटातली कोरकू तर मुंडा गटातली, म्हणजे मराठीशी तिचे कसलेच जन्माचे नाते नाही. धारणीत, भामरागडात किंवा धडगावात नेमणूक झालेला पुण्या-साताऱ्याचा मराठी डॉक्टर तिथल्या आजीच्या दृष्टीने परभाषकच असतो. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या तरुणाला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. त्यातले पहिले कित्येक महिने भाषेशी झटापट करण्यात गेले, तर त्या गावाच्या वाट्याला डॉक्टर किती काळ आला असे म्हणायचे?

भाषेच्या मागोमाग संस्कृती येते, कारण शब्द समजले तरी माणूस समजतोच असे नाही. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. एवढे मोठे दुखणे गावात आणि घरात होते, आणि आरोग्यव्यवस्थेला ते दिसत नव्हते. ते दिसण्यासाठी कोणीतरी योग्य जागी, योग्य शब्दांत विचारावे लागले. त्याच जिल्ह्यात त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आपले रुग्णालय बांधताना आदिवासींना त्यांचे म्हणणे विचारले, आणि भल्यामोठ्या इमारतीऐवजी पाड्यासारखे, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे रुग्णालय उभे राहिले, त्याला नावही माँ दंतेश्वरीचे मिळाले. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून काम केले. या उदाहरणांचा आपण गौरव करतो, पुरस्कार देतो, चित्रपट काढतो. पण त्यांनी जे केले ते असामान्य माणसांचे व्रत मानून बाजूला ठेवतो. त्यातला मोठा भाग शिकवता येण्याजोगा आहे, आणि जे शिकवता येते ते विद्यापीठाने शिकवले पाहिजे.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. रक्ततपासणी हा या मोहिमेचा सोपा भाग. खरी कसोटी त्यानंतर येते, जेव्हा एखाद्या तरुण मुलीला सांगावे लागते की तू रुग्ण नाहीस, तुला काहीही होणार नाही, पण तू वाहक आहेस, आणि तुझा नवराही वाहक असला तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असेल. ‘वाहक’ हा शब्द तिच्या भाषेत काय होतो? रोग पसरवणारी, असा त्याचा अर्थ गावात झाला तर तिचे लग्न कोण करील? ‘चारात एक’ म्हणजे पहिली तीन मुले धडधाकट, असा समज झाला तर? डॉक्टरला आनुवंशिकी उत्तम येत असेल, तरी हे एवढे जर नीट सांगता आले नाही, तर त्या तपासणीतून मुलीच्या पदरी ज्ञानाऐवजी कलंक पडेल.

शिवाय रुग्णालयांतली माणसे बदलत आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. शासकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. देशभरातून गुणी मुले आपल्याकडे येतात ही चांगलीच गोष्ट आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांचे रात्रीचे वॉर्ड याच निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर चालतात. पण केरळ, राजस्थान किंवा बिहारमधून आलेल्या या तरुणांना आपण रुग्णांची भाषा न शिकवता पहिल्याच दिवशी ओपीडीत बसवतो, तेव्हा त्यांच्यावर आणि रुग्णांवर असा दोघांवरही अन्याय करतो.

मी काही अगदी नवे मागत नाही. २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या, त्यांत ‘संवादक’ ही एक आहे. त्या मूळ आराखड्यातल्या पायाभूत अभ्यासक्रमाच्या १७५ तासांपैकी ४० तास भाषा आणि संगणक कौशल्यांना दिलेले होते. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठीचा ‘एटकॉम’ हा स्वतंत्र घटक आला, आणि त्यातली कौशल्ये प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत तपासली जावीत अशी तरतूदही आली. म्हणजे पाया घातलेला आहे. अडचण अशी की भाषेचे तास पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला संपतात, तेव्हा विद्यार्थ्याने रुग्णाचे तोंडही पाहिलेले नसते; आणि वॉर्डात पाऊल पडते तेव्हा भाषेचा शिक्षक कुठेच नसतो. शेवटच्या परीक्षेत तर तो विषय पूर्ण अदृश्य होतो. जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच ते चालतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा. तो खरा आहे, म्हणूनच मी नवी प्रश्नपत्रिका मागत नाही. केस घेण्याची वेळ आजही असतेच. तिच्यातली दहा मिनिटे परीक्षकाने खाटेजवळ उभे राहून ऐकावे, एवढाच बदल आहे. दुसरे म्हणणे असे असते की भाषा वॉर्डात सहा महिन्यांत येते. येते, पण कोणती? ‘झोप’, ‘ऊठ’, ‘जीभ काढ’, ‘श्वास ओढ’ ही आज्ञार्थी भाषा येते. आजीच्या वयाच्या बाईला ‘तू’ म्हणणे येते, कारण वॉर्डात तेच कानावर पडते. ‘तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल?’ हा प्रश्न त्या शिदोरीत नसतो. आणि ते सहा महिने ज्यांच्या चुकलेल्या हिस्टरीवर शिकण्यात जातात, त्या रुग्णांनी या शिकवणीची फी का भरावी?

तिसरा आक्षेप दुभाष्यांचा: सिस्टर आहेत, आशाताई आहेत, सोबतचे नातेवाईक आहेत. अमेरिकेत स्पॅनिश भाषक मुलांच्या तपासणीतील १३ संभाषणे ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. २००३ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दुभाष्यांकडून दर संभाषणात सरासरी ३१ चुका झाल्या, त्यांपैकी ६३ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकणाऱ्या होत्या, आणि प्रशिक्षण नसलेल्या दुभाष्यांच्या चुकांत घातक चुकांचे प्रमाण अधिक होते. आपल्याकडे सुनेच्या पाळीबद्दल सासू सांगते, आईच्या दुखण्याबद्दल दहा वर्षांचा मुलगा सांगतो. ज्या घरात मारहाण होते, त्या घरातला नवराच बायकोचा दुभाषा म्हणून उभा असतो. प्रशिक्षित आणि पगारी दुभाषे आदिवासी भागात हवेतच; पण दुभाष्याचे सांगणे पुरे पडते की अपुरे हे ओळखण्याइतकी भाषा डॉक्टरलाही हवी.

चौथा आक्षेप गंभीर आहे: हा भाषिक अस्मितेचा मागचा दरवाजा तर नव्हे? नाही. मी परप्रांतीयांना दार बंद करा असे म्हणत नाही, की मराठी माध्यमातून एमबीबीएस शिकवा असेही म्हणत नाही. पुस्तकांची भाषा कोणती असावी हा वेगळा वाद आहे. इथे प्रश्न रुग्णाच्या भाषेचा आहे, आणि तो मराठी डॉक्टरला कोरकूपुढे तसाच लागू होतो, जसा हिंदी भाषक डॉक्टरला मराठीपुढे. बंगळुरूला गेलेल्या मराठी डॉक्टरने कन्नड शिकावी, हेही त्यातच आले. आपलीच मुले ब्रिटनमध्ये जातात तेव्हा तिथली जनरल मेडिकल कौन्सिल त्यांच्याकडून इंग्रजीचा पुरावा घेते. आयईएलटीएस दिली तर एकूण ७.५ गुण लागतात. पुढे प्लॅब परीक्षेच्या दुसऱ्या भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी ते कसे बोलतात हे परीक्षक समोर बसून पाहतो. त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. लंडनच्या रुग्णाला आपल्या डॉक्टरचे बोलणे कळण्याचा जो हक्क आहे, तो चिखलदऱ्याच्या रुग्णाला का नसावा?

संस्कृतीच्या शिक्षणाबद्दल दोन शंका उरतात. एक, त्यातून ‘अमुक जमात अशी असते’ असे साचे तयार होतील. हा धोका खरा आहे. मेलनी टेर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्येच सुचवले होते की डॉक्टरने दुसऱ्याच्या संस्कृतीवर प्रभुत्व मिळवल्याचा दावा करू नये, तिच्यापुढे नम्र राहून विचारत राहावे. म्हणून समाजांच्या सवयींच्या याद्या पाठ करून घेऊ नका. प्रश्न विचारायला शिकवा. दुसरी शंका, यातून अंधश्रद्धेला मान्यता मिळेल. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे डाग दिले जातात; ते क्रूर आहे आणि थांबलेच पाहिजे. पण पोट फुगलेले बाळ घेऊन आई आधी भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, का जाते, तिला कशाची भीती वाटते, हे विचारणारा डॉक्टर तिचे मन वळवू शकतो. तिच्यावर ओरडणारा डॉक्टर एवढेच साधतो की पुढच्या वेळी ती डाग लपवते, किंवा येतच नाही. समजून घेणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि चांगल्या वैद्याला दोन्हींतला फरक कळतो.

अशा प्रशिक्षणाने रुग्णांचे आरोग्य सुधारते याचा पुरावा आहे का, असेही विचारले जाईल. प्रामाणिक उत्तर असे की तो अजून तोकडा आहे. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात निकषांत बसणाऱ्या फक्त पाच चाचण्या सापडल्या आणि त्यांवरून ठोस निष्कर्ष निघाला नाही. पण पुरावा तोकडा असणे म्हणजे उपाय निरुपयोगी ठरणे नव्हे. गैरसमजाने होणारी हानी तर दिसतेच आहे. आणि राज्यभरातील महाविद्यालये संलग्न असलेले आपले विद्यापीठ हा पुरावा स्वतः उभा करू शकते. शिवाय हा प्रश्न केवळ परिणामकारकतेचा नाही, हक्काचाही आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ही माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत मिळावी असे म्हटले आहे. न समजलेल्या कागदावर उठवलेला अंगठा संमती ठरत नाही.

म्हणून आपल्याकडे पाच मागण्या करतो. एमबीबीएस आणि एमडी-एमएस या दोन्ही प्रात्यक्षिक परीक्षांत हिस्टरीचा काही भाग परीक्षकांसमोर, रुग्णाच्या भाषेत घेतला जावा आणि त्यात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे आवश्यक असावे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी आधी पुरेसे आणि मोफत शिक्षण मिळावे. भाषेचे तास पहिल्या वर्षात संपवू नयेत, ते वॉर्डातल्या वर्षांत न्यावेत आणि ते शिकवायला परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि स्थानिक भाषकांना मानधन देऊन बोलवावे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या आजार, अवयव आणि वेदना यांच्या शब्दांचा संग्रह करावा आणि विद्यापीठाने तो दरवर्षी वाढवत न्यावा. आणि आदिवासी भागात बंधपत्रित सेवेसाठी किंवा जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला नेमणुकीआधी तिथल्या भाषेची प्राथमिक ओळख करून देण्याचा आग्रह आपण शासनाकडे धरावा.

यातल्या पहिल्या मागणीसाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या खुर्च्या टेबलामागून उचलून रुग्णाच्या खाटेजवळ ठेवाव्या लागतील, एवढेच. येत्या परीक्षेपासून त्या तिथे ठेवा, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपला,
एक नागरिक